बाबा सफरमध्ये आहे

सफर महिना लागला, की आमच्या तफ्त गावात रुकय्येचा खेळ होतो. करबलाच्या लढाईत बाप मारला गेल्यावर दमास्कसला कैदेत पडलेली ती चिमुरडी बाबासाठी हट्ट धरते. आत्या सांगते, बाबा सफरमध्ये आहेत. मग झाकलेलं तबक येतं. कापड उचलल्यावर आत बाबाचं मस्तक असतं. यंदा रुकय्या म्हणून खेळ बसवणाऱ्या उस्ताद नबीउल्लांनी माझी नात हनाना मागितली.

हनानाचा बाबा, माझा मीसम, वसंतात बंदराच्या रस्त्यावर ट्रकसकट गेला. पोरीला आम्ही सांगितलं, बाबा सफरमध्ये आहे. दुसरं काही तोंडून निघेना.

"तिला सगळ्या गावासमोर कळेल," मी सुनेला म्हणालो.

"मग उस्तादांना नाही म्हणून या," तय्यबा म्हणाली. "दर वेळी मीच का वाईट व्हायचं, मामंजी?"

मी गेलो. उस्तादांनी पोरीचं कौतुक केलं, माझ्या हातात डाळिंब ठेवलं. मी डाळिंब घेऊन परत आलो.

खेळाच्या दिवशी दुपारी हनाना हिरवा झगा घालून उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर मीसमच्या चपला.

"या कशाला गं?"

"बाबाला. आजोबा, सफर लागला ना?"

"लागला."

"मग आज येणार. तुम्हीच म्हणालात, बाबा सफरमध्ये आहे. आणि उस्ताद म्हणाले, कापड उचललं की बाबा भेटतो."

आमच्या बोलीत प्रवासही सफर आणि महिनाही सफर. पोर इतके दिवस महिन्याची वाट पाहत होती! चौकात नगारा सुरू झाला. मी तय्यबाकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"हनाना, महिन्याचा सफर वेगळा," मी म्हणालो. "तो साद अक्षराने लिहितात. प्रवासाचा सीनने..."

अरे देवा, शाळेत शिकवायचो तसं मी तिला शुद्धलेखन शिकवत होतो.

"मग बाबा कुठल्यात आहे?"

"कुठल्याच नाही. बाबा मेला, बाळ. ट्रक उलटला. तो नाही यायचा आता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग एक चप्पल उचलून माझ्या गुडघ्यावर मारली, पुन्हा मारली. मी गुडघा हलवला नाही. नंतर ती माझ्या सदऱ्यात तोंड घालून रडू लागली.

"मास्तर! कुठंय आमची रुकय्या?" उस्ताद घामाघूम होऊन फाटकात आले. पोरीला रडताना पाहून खूश झाले. "वा, आत्तापासून रडतेय! चला, चला."

"ती येणार नाही."

"आँ? वर्षभर तोंड उघडत नाही तुम्ही, आणि आज उघडलं ते हे सांगायला?"

"ती येणार नाही, उस्ताद."

ते तणतणत गेले. कुणाची तरी दुसरी मुलगी उभी केली असणार, कारण थोड्या वेळानं चौकातून बारीक आवाज आला, "बाबा कुठंय?"

हनानानं डोकं वर केलं.

"आता तिची आत्या तिला खोटं सांगणार ना, आजोबा?"

"हो."

"तुम्ही जाऊन सांगा ना तिला."

तय्यबा येऊन आमच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. तिनं चपला उचलून आपल्या मांडीवर घेतल्या.