चार वाजताचा डाग

अकरा पीएचडी माणसं आमच्या प्रयोगशाळेत होती आणि कापड कोणत्या बाजूनं ताणतं हे त्यातल्या एकालाही कळत नव्हतं. मी तिथली व्यवस्थापक. म्हणजे फॉर्म भरून घेणं, मिटिंगा लावणं आणि विद्वानांना जेवायची आठवण करणं. बॉस्टनच्या नदीपलीकडे अशा प्रयोगशाळा पैशाला पासरी आहेत, पण ब्रेसियर बनवणारी आमची एकटीच.

साधी ब्रेसियर नव्हे. तिच्या कपांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं होती. काडेपेटीएवढं अल्ट्रासाऊंड यंत्र लोहचुंबकानं एकेका भोकावर बसवायचं, की छातीतलं चित्र पडद्यावर. दोन मॅमोग्रामच्या मधल्या काळात गाठ वाढली तर बाईला घरबसल्या कळावं, हा हेतू. हेतू उत्तम होता. ब्रेसियर मात्र घोड्याच्या खोगिरासारखी झाली होती, कारण ती एका प्लॅस्टिकच्या धडावर बेतलेली होती. ते धड कधी हललंच नव्हतं.

सोमवारी चाळीस बायका चाचणीला यायच्या होत्या. त्याआधी कपडा नीट झाला नाही, तर चाचणी एक वर्ष पुढे. म्हणून मी माझ्या डिओलिंडा मावशीला फॉल रिव्हरहून बोलावलं. तिनं तिथल्या कारखान्यात चौतीस वर्षं फक्त ब्रेसियरी शिवल्या होत्या.

मावशी आली ती हातात गोड पावाची लादी घेऊन. प्लॅस्टिकच्या धडाकडे तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"ही वाकते का गं कधी, ओडेट?"

"नाही."

"ओव्हनमधून पाव काढते? बस सुटली तर धावते?"

"मावशी, ते प्लॅस्टिक आहे."

"मग हिला कशाला हवी ब्रेसियर?"

यंत्र ज्यानं बनवलं तो एझ्रा लिंडक्विस्ट तिथेच उभा होता. चाळिशीचा, टक्कल पडत चाललेला, सहा वर्षं त्या काडेपेटीवर झिजलेला. तो म्हणाला, "बाई, माप एक मिलिमीटरही चुकलेलं नाही."

"आणि बाई एक मिलिमीटरही हललेली नाही," मावशी म्हणाली. "मला घालून बघ. मी हलते."

तिनं फॉर्मवर सही केली, स्वतः नव्यानं शिवलेली ब्रेसियर पडद्यामागे जाऊन घातली आणि वर एप्रन चढवून खुर्चीत बसली. मी तिच्या एप्रनखाली हात घालून यंत्र एकेका भोकावर बसवत गेले. बाजूच्या टेबलावर एझ्रा चित्र बघत होता. छातीवरची जागा आम्ही घड्याळासारखी सांगतो. बारा वाजता स्वच्छ. दोन वाजता स्वच्छ. चार वाजता एक काळा डाग.

"तुमची भोकांभोवतीची पट्टी जाड झालीय," एझ्रा लगेच म्हणाला. "यंत्र कातडीवरून उचललं जातंय. मध्ये हवा आली की काळं दिसतं."

"माझी पट्टी?" मावशीचा आवाज असा चढला की शेजारच्या खोलीतले दोन विद्वान दारात येऊन उभे राहिले. "माझ्या पट्टीखाली हवा जात नाही, मुला. तुझी काडेपेटीच आंधळी असेल."

झालं, जुंपली दोघांची.

आमच्याकडे एक नियम आहे. चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. हा नियम मावशीला मुळीच पटला नाही, कारण कारखान्यात कप वाकडा आला की सगळं उसवून पुन्हा शिवतात. पण पाळला तिनं. बुधवारी तिनं पट्टी उसवली. डाग तिथेच. मग एझ्रानं वायर बदलली. डाग तिथेच. गुरुवारी तिनं दुहेरी शिवण काढून एकेरी घातली, त्यानं जेल बदललं, तिनं अस्तर बदललं, त्यानं अख्खं यंत्र खोलून आतली, लहरी सोडणारी चकती बदलली. प्रत्येक वेळी मावशी एप्रनखाली, मी घामाघूम, आणि चार वाजता तोच डाग. वाटाण्याएवढा, कडेनं जरा वेडावाकडा.

मध्ये मध्ये ती त्याला खाऊ घालत होतीच. "घे, सूप घे. पोटात काही नसलं की माणूस दुसऱ्यावर खापर फोडतो."

"सूप छान आहे," तो भुरके मारत म्हणाला. "पट्टी नाही."

मी हसत होते. हे आता लिहितानाही मला स्वतःचा राग येतो. अकरा वर्षांपूर्वी माझी आई स्तनाच्या कॅन्सरनंच गेली. शेवटचे दोन महिने मावशीच तिच्या उशाशी होती, आणि तेव्हापासून तिनं मॅमोग्रामचं नाव काढलेलं नाही. मी विषय काढला की भाजीत मीठ कमी आहे म्हणायची. हे सगळं मला माहीत होतं, तरी तीन दिवस मी त्या दोघांचं भांडण करमणूक म्हणून बघितलं. काय करणार, आमच्या प्रयोगशाळेत डाग दिसला की आधी यंत्रावर संशय घेतात. दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही असतं.

शुक्रवारी दुपारी एझ्रा डोकं धरून बसला. "सगळं बदललं. अगदी सगळं."

"सगळं नाही," मी म्हणाले. "आण इकडे. मी घालते."

मला ती जरा घट्ट झाली, पण झाली. यंत्र मावशीनं बसवलं. बारा, दोन, तीन. चार वाजता स्वच्छ. चित्र आरशासारखं.

"सुटलं!" एझ्रा खुर्चीवरून उठला.

"सुटलं रे, सुटलं!" मावशीनं त्याच्या टकलाचा मुका घेतला. "शेवटची पट्टी लागू पडली बघ!"

"चकतीनं काम केलं!"

"पट्टीनं!"

दोघं हातात हात घालून नाचले. खरंच नाचले. मी मात्र नाचले नाही, कारण मावशीच्या अंगावर शेवटचा डाग दिसल्यानंतर ना पट्टी बदलली होती, ना चकती. नाचता नाचता एझ्राच्याही ते लक्षात आलं असावं. तो थांबला आणि हळूच म्हणाला, "मावशी, खात्रीसाठी एकदा तुम्ही पुन्हा."

तिनं पुन्हा घातली. चार वाजता डाग.

एझ्रानं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि यंत्राचं झाकण उघडायला लागला.

"माझंच चुकलंय," तो म्हणाला. "चकती ढिली असेल. तुमची पट्टी उत्तम आहे मावशी, मी पहिल्यापासून उगाच—"

"छे, पट्टीच जाड आहे," मावशी म्हणाली. "थांब, काढून उसवते. तुझ्या यंत्रात काही खोट नाही रे."

"खूप खोट आहे. भंगार आहे ते."

"भंगार कसं? ओडेटला लावलं तेव्हा किती स्वच्छ दिसलं. अगदी बरोबर दाखवतं तुझं यंत्र."

एवढं बोलून ती थबकली. हातातली कात्री तिनं टेबलावर ठेवली.

तेव्हा मला कळलं, तीन दिवस ती एवढ्या आशेनं का उसवत होती. स्वतःची चूक निघावी म्हणून चौतीस वर्षांची कारागीर बाई अशी धडपडत नाही. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड गं, टाचणी टोचेल," आणि सोडलं मात्र नाही.

एझ्रा तोंड पुसत म्हणाला, "हे मी सांगायचं नसतं. मी डॉक्टर नाही. डाग साधाही असू शकतो, पुष्कळदा असतो. डॉक्टरांनीच—"

"कळलं. ओडेट, मोटार काढ. आज चाललेय, उद्यावर टाकलं तर मी जायची नाही. आणि टकल्या, तूही चल."

"मी कशाला?"

"वाटेत भांडायला कोणीतरी हवं."

तो तसाच पांढऱ्या कोटात मागच्या सीटवर बसला. वाटेत दोघं अक्षरही बोलले नाहीत.

हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला आणि विचारलं, "काय तक्रार आहे, आजी?"

मावशीनं एका हातानं माझा हात घट्ट धरला होता, दुसऱ्या हातानं एझ्राच्या कोटाची बाही.

"तक्रार कुणाचीच नाही," ती म्हणाली. "शिवण तपासून झाली, यंत्र तपासून झालं. आता मीच तेवढी उरलेय."