एकेचाळीस पानं

संपादकाने तिसऱ्यांदा मशीन बंद करून चालू केलं आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली. ‘ही नक्षी पडताळलेली नाही. कृपया कंपनीशी संपर्क साधा.’ ओळीच्या शेजारी एक हसरा चेहरा होता. त्याने तो अंगठ्याने झाकला.

“चेहरा झाकून काय होणार आहे?” ताई मागून म्हणाली. “चार वाजता तो कंपनीचा माणूस येतोय. सही कर नाहीतर बस, एवढंच म्हणाला फोनवर.”

ताईच्या भरतकामाच्या कारखान्यात, म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, पाच मशीनं होती. त्यातली चार सकाळपासून गप्प होती. अग्निशमन दलाचे दोनशे चाळीस बिल्ले उद्या सकाळी द्यायचे होते, आणि बिल्ल्याची शिडी आणि ज्वाळा या मशीनांना अचानक परकी वाटू लागली होती. ती नक्षी आईने काढलेली. आई गेल्याला सहा वर्षं झाली, पण तिच्या तीनशेच्या वर नक्ष्या या मशीनांत होत्या, आणि सगळा कारखाना त्यांच्यावरच उभा होता. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. नक्ष्या आमच्याकडे पाठवा, आम्ही पडताळू, मग त्या आमच्या दुकानात राहतील, तुम्हीही वापरा, बाकीचेही वापरतील. एका सहीचं काम होतं.

“म्हणजे आईचं काम उद्या कुणीही टोचून विकणार,” ताई म्हणाली, “आणि मी त्याला हो म्हणायचं.”

संपादकाने मशीन चौथ्यांदा बंद करून चालू केलं. 

संपादक हे त्याचं घरातलं नाव, आणि ते कौतुकाने पडलेलं नव्हतं. पोटासाठी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दर शनिवारी मात्र तो आपल्या संकेतस्थळावर जगाला चार शब्द सुनवायचा. कुठली कंपनी लोकांची माहिती चोरते, संगणकावरचा कुठला खेळ विकत घेऊनही आपला होत नाही, विकत घेतलेली वस्तू उघडून दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला कसा हवा, सगळ्यावर त्याचं मत तयार असे. त्याचं आवडतं वाक्य होतं, ‘मान्य आहे’ दाबण्याआधी वाचा. वाचक मोजून एकोणीस. त्यातला एक ‘कारलं’ नावाने लिहायचा आणि प्रत्येक लेखाखाली काहीतरी कडू टाकून जायचा. दीपगृहाच्या खेळाला संपादकाने पाचपैकी पाच तारे दिले, तर कारल्याने लिहिलं, ‘शेवटचा दरवाजा तुम्ही उघडलेलाच दिसत नाही.’ तो खरंच उघडला नव्हता. त्याचा राग संपादकाला महिनाभर पुरला होता.

आणि गेल्या रविवारी या संपादकाने काय केलं? सकाळी सकाळी इथे आला आणि ताईला म्हणाला, नवं अपडेट आलंय, ते न करणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं. चार मशीनांवर त्याने ते आपल्या हाताने चढवलं. अटींची एकेचाळीस पानं होती. त्याला घरी जाऊन नव्या खेळाचा लेख पुरा करायचा होता, म्हणून पानं सर्रकन खाली ओढून त्याने ‘मान्य आहे’ दाबलं. चार वेळा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्याला कुणी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण कुणी म्हणेना. तेच जास्त लागत होतं.

वर त्याच संध्याकाळी त्याने लेखही लिहिला होता. ‘अपडेट आजच करा.’ खाली कारल्याने विचारलं होतं, ‘एकेचाळीस पानं वाचलीत का?’ संपादकाने उत्तर दिलं होतं, ‘तज्ज्ञाला सगळं वाचावं लागत नाही.’

आता ते वाक्य आठवून त्याचे कान तापले.

“जुनं सॉफ्टवेअर परत टाक ना,” ताई म्हणाली. “तू नेहमी म्हणतोस, काढलेलं परत टाकता येतं.”

“कुठून टाकू? कंपनीने सगळीकडून पुसलंय. अकरापासून शोधतोय. मी इथे जी नक्कल काढून ठेवायला हवी होती, ती काढलीच नाही.”

“का नाही काढली?”

“घाईत होतो.”

ताईने हातातली कात्री टेबलावर ठेवली. आपटली नाही, नुसती ठेवली. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. धाकट्या भावाला ती आजवर भरपूर बोलली होती, आणि त्याला त्याची सवयही होती. हे न बोलणं नवीन होतं. संपादकाने खाली बसून उगाचच वायरी सारख्या केल्या.

खोलीत शांतता झाली आणि तेव्हा कुठे त्याला ते ऐकू आलं. खट खट खट खट. कोपऱ्यातलं पाचवं मशीन सकाळपासून चालूच होतं. ते मावशीचं. मावशी आईची धाकटी बहीण, वय अडुसष्ट, सगळ्यात जुन्या मशीनवर बसायची आणि धर्मशाळेच्या टॉवेलांवर नावं काढायची. नावांची अक्षरं मशीनमध्ये कंपनीनेच भरलेली असतात. त्यांना पडताळणी लागत नाही, त्यामुळे ते मशीन चालू असण्याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. मावशीचंही कधी कुणाला फारसं नवल वाटत नसे. दुपारी ती चष्मा नाकावर घेऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसे, आणि पत्ते खेळत असेल असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

संपादक उठून कोपऱ्यात गेला. मावशीच्या फ्रेममध्ये टॉवेल नव्हता. काळ्या कापडावर लाल ज्वाळा भरत आली होती, आणि बाजूच्या टोपलीत तयार बिल्ले पडले होते. त्याने मोजले. सतरा.

“मावशी, हे कसं चाललंय?”

“सुई वरखाली होते, त्याने.” मावशीने मान वर केली नाही. “दोन तास बघतेय, हा मुलगा कधी मागे वळतोय.”

“सांगायचं तरी.”

“विचारलं कुणी? तुला बोलवा म्हणून सकाळी मीच सांगितलं, तेवढं पुरे नाही का?”

संपादकाने पडद्याकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडी होती. ‘नवीन अपडेट उपलब्ध. आता की नंतर?’ मावशीने सवयीने बोट लावलं. नंतर. खिडकी मिटली. रविवारी तो या मशीनपाशीही आला होता, आणि मावशी म्हणाली होती, बॉबिन भरायचीय रे, नंतर ये. त्यानंतर तो आलाच नव्हता.

“ताई,” तो म्हणाला, “माझी पिशवी दे. दुकानातली.”

पिशवीत चष्म्याच्या काड्या कसायचे पेचकस होते, अगदी काडीएवढे. कंपनीने मशीनच्या मागच्या झाकणाला असे स्क्रू बसवले होते की बाजारातला कुठलाही पेचकस त्यांना लागू नये. चष्मे बनवणारेही तसलेच नखरेल स्क्रू वापरतात, हे कंपनीच्या ध्यानात आलं नसावं. तिसरा पेचकस बरोबर बसला. झाकण निघालं. आत नखाएवढं एक कार्ड होतं, आणि मशीनची सगळी अक्कल त्या कार्डात होती.

त्याने आधी भिंतीवरच्या राउटरची पिन उपसून खिशात घातली, म्हणजे मशीनांना कंपनीशी कुजबुजता येऊ नये. मग मावशीचं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि जवळच्या कोऱ्या कार्डांवर नक्कल काढायला घेतली. पडद्यावर पट्टी सरकू लागली. एका नकलेला पंचवीस मिनिटं, आणि नकला चार. घड्याळात दीड वाजला होता. दोनशे तेवीस बिल्ले बाकी होते.

ताई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. “होईल?”

“झालं पाहिजे.”

“झालं पाहिजे म्हणजे होईल असं नाही.”

“नाही,” तो कबूल झाला. तज्ज्ञाच्या तोंडून हा शब्द क्वचितच ऐकू यायचा. ताईने खुर्ची ओढली आणि त्याच्याशेजारी बसली.

मावशीचं मशीन आता बंद होतं. ती हात मांडीवर ठेवून पट्टीकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “तुला आता वेळच वेळ आहे. ती पानं वाचून काढ.”

संपादकाने मोबाइलवर वाचली. एकेचाळीसच्या एकेचाळीस, ओळीवर बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखी. पहिल्या दहा पानांत त्याला झोप आली, पुढच्या दहांत राग आला, आणि सत्ताविसाव्या पानावर तो थांबला. ते पान त्याने पुन्हा वाचलं, मग ताईला वाचायला दिलं. ताईने वाचलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “बरं झालं, लिहून ठेवलंय,” ती म्हणाली.

तीन वाजून वीस मिनिटांनी पहिलं मशीन उघडून त्यात नक्कल बसवली. बटण दाबलं. पडदा काळा राहिला.  त्याने कार्ड काढलं, फुंकर मारली, काचा पुसायच्या मऊ कापडाने पुसलं आणि परत सरकवलं. पडदा उजळला. हसरा चेहरा गेला होता. त्याच्या जागी जुनी साधी यादी आली, आणि यादीत सगळ्यात वर आईच्या नक्ष्या होत्या, आईने दिलेल्या नावांनिशी.

“लाव,” ताई म्हणाली. 

सुई खाली गेली, वर आली, आणि शिडीची पहिली पायरी कापडावर उमटली.

चारच्या ठोक्याला कंपनीचा प्रतिनिधी दारात आला. नीटनेटका तरुण होता, बोलायलाही गोड. हातात सही करायचा टॅब होता. पण त्याला दारातच थबकावं लागलं, कारण आतल्या खटखटाटात त्याचं ‘नमस्कार’ कुणाला ऐकू गेलं नाही. पाचही मशीनं चालू होती. मदतीच्या दोघी बायका तयार बिल्ल्यांचे धागे कापत होत्या.

“ही चालू कशी झाली?” त्याने विचारलं.

“बटण दाबलं,” ताई म्हणाली.

“मॅडम, हे जुनं सॉफ्टवेअर दिसतंय. असं मागे जाता येत नाही. वॉरंटी जाईल.”

“माझ्या दातांबरोबरच गेली ती,” कोपऱ्यातून मावशी म्हणाली.

प्रतिनिधी हसला, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “पण करारात तसं आहे. तुमच्याकडून मान्य झालंय.”

संपादक उठला. आजवर तो अशा माणसांशी फक्त लेखांतून भांडला होता, समोरासमोर कधीच नाही. त्याने मोबाइलवर पान काढून प्रतिनिधीपुढे धरलं. “सत्ताविसावं पान,” तो म्हणाला. “दुसरा परिच्छेद. ज्याने मशीन पूर्ण विकत घेतलंय, त्याला ते आधीच्या सॉफ्टवेअरवर चालवता येईल, मात्र मशीन नेटला जोडता येणार नाही. ही राउटरची पिन.” त्याने ती खिशातून काढून दाखवली.

प्रतिनिधीने पान वाचलं. मग टॅबवर तेच पान काढून तिथेही वाचलं. ते पान त्यानेही आज पहिल्यांदाच पाहिलं असावं.

“मला वरच्यांना विचारावं लागेल,” तो म्हणाला.

“विचारा की,” ताई म्हणाली. “आणि त्यांना सांगा, आईच्या नक्ष्या आमच्याच घरात राहतील. पाणी घेणार?”

त्याने पाणी घेतलं, जाताना एक बिल्ला हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, काम सुंदर आहे. ते त्याने मनापासून म्हटलं. दार लागलं तशी ताई वळली आणि तिने संपादकाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा नाकावरून खाली आला. “संपादक,” ती म्हणाली. आज त्या नावात चेष्टा नव्हती, आणि त्याला ते कळलं. त्याला फार बरं वाटलं.

सातच्या सुमाराला एकशे नव्वदावा बिल्ला टोपलीत पडला. उरलेले जेवणाआधी होणार हे आता नक्की होतं. संपादक उंबऱ्यावर बसला आणि मोबाइलवर लिहू लागला. शनिवार नव्हता, पण थांबवेना. मथळा दिला, ‘मी चुकलो.’ घाई, चार वेळा दाबलेलं ‘मान्य आहे’, तज्ज्ञाचा माज, काही लपवलं नाही. तिसऱ्या ओळीत त्याने लिहिलं, ‘पाचवं मशीन वाचलं ते निव्वळ नशिबाने, कारण नेमकी त्या वेळी त्याची बॉबिन भरायची होती.’ एकदा वाचून त्याने लेख टाकला.

आतल्या खटखटाटात एक मशीन थांबलं. संपादकाने वळून पाहिलं. मावशीने धागा तोडला, खिशातून मोबाइल काढला, चष्मा नाकावर घेतला, आणि एका बोटाने सावकाश काहीतरी लिहायला लागली.

त्याच्या हातातला मोबाइल थरथरला. कारलं. या वेळी अहोजाहो नव्हतं.

‘तिसरी ओळ दुरुस्त कर. बॉबिन भरलेलीच होती.’

त्याने मान वर केली तेव्हा मावशीचा मोबाइल खिशात गेला होता आणि तिचं मशीन पुन्हा चालू झालं होतं. फ्रेममध्ये नवी शिडी चढत होती. संपादकाने लेख उघडला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिच्यातलं ‘निव्वळ नशिबाने’पासून पुढचं सगळं पुसलं.