त्रेसष्टाव्या पायरीचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मागे मूठ, पुढे रुंद तोंड, हातात धरून बोलायचा. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. मनापासून म्हणत नाही. माझ्यासारखा भोंगा हाती लागला की तुम्ही काय करता ते मला पाठ आहे. 'हॅलो, हॅलो' ओरडता, आत फुंकर मारता, आणि एकाने तर मुद्दाम शिंकून दाखवलं होतं. ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तरी सांगायला बसलोच आहे, तर गुमान ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने मुठीत सेलची जागा बसवली, तिसरीने मुठीवर एक लाल बटण लावलं. हे बटण दाबून धरलं आणि बोललं, तर दहा सेकंदांचं बोलणं माझ्यात साठून राहतं. नंतर नुसतं एकदा दाबलं की मी ते मोठ्याने ऐकवतो. एवढी एकच विद्या मला येते, पण ती मला चोख येते.

मला विकत घेतलं आबांनी. आबा घड्याळाच्या मनोऱ्यावरचे गाइड. मनोरा प्रसिद्ध, देशोदेशीचे लोक बघायला यायचे, म्हणून सगळं इंग्रजीत सांगावं लागायचं. आबांची शाळा चार इयत्तांत आटोपलेली. लांबलचक वाक्यं त्यांना कुठली जमायला! त्यांनी आपली युक्ती काढली. समोरच्या वस्तूकडे नीट बघायचं, तिला शोभतील असे दोन-तीन शब्द निवडायचे, ते तिच्या नावाच्या पुढे लावायचे आणि गप्प बसायचं.

मनोऱ्याला एक्याण्णव पायऱ्या. आबांनी प्रत्येक वर्णन एकेका पायरीला बांधून टाकलं होतं. पहिल्या पायरीवर 'द टॉल, ग्रे, फोर-फेस्ड क्लॉक टॉवर'. म्हणजे उंच, करडा, चार तोंडांचा मनोरा. विसाव्या पायरीवर 'द नॅरो, स्लिपरी स्टोन स्टेअर्स'. म्हणजे अरुंद, निसरडा दगडी जिना. ते ऐकलं की मागचे लोक आपोआप भिंत धरायचे. आणि त्रेसष्टाव्या पायरीवर, जिथे घड्याळाचं वजन पेलणारी तुळई डोक्याच्याही खाली आलेली आहे, तिथे आबा माझ्यातून गरजायचे, 'दॅट लो, ब्लॅक, हार्ड वुडन बीम!' बुटकी, काळी, टणक लाकडी तुळई. शंभर माणसांच्या माना एका झटक्यात खाली जायच्या.

आबांची दोन मुलं, थोरला आणि धाकटी, लहानपणापासून त्याच जिन्यावर वाढली. ते वाक्य त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की जेवताना आबांनी चेष्टेने म्हटलं तरी दोघांच्या माना ताटात जायच्या. आई ओरडायची, "अहो, पोरांना सुखाने जेवू तरी द्या!"

बावीस वर्षं मी आबांच्या हातात होतो. लोकांनी माझे फोटो काढले, लहान मुलांनी माझ्याशी हात मिळवला, कुणी तरी माझ्या तोंडाभोवती घड्याळाचे आकडे रंगवले. शेवटच्या सहा वर्षांत आबांचा दम कमी पडायला लागला, तेव्हा धाकटी मला धरून त्यांच्याबरोबर चढायची. थोरला तेव्हा खाली सावलीत उभा राहून केस विंचरायचा. मग एके दिवशी आबांनी लाल बटण दाबून धरलं आणि आपलं बोलणं माझ्यात ठेवलं. दहा सेकंदांत माणूस काय काय सांगू शकला असता! स्वतःचं नाव, देवाचं नाव. आबांनी त्रेसष्टाव्या पायरीचं वाक्य ठेवलं. पुढच्या महिन्यात ते गेले.

मनोऱ्यावर गाइडचा परवाना एकच. आबांच्या मागे तो दोघांपैकी एकाला मिळणार होता, आणि ज्याला मिळणार नाही त्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे पाण्याच्या बाटल्या वाहायच्या. परीक्षा कचेरीत ठेवली होती, सपाट फरशीवर, पंख्याखाली, परवाना देणाऱ्या साहेबांपुढे. साहेब म्हणाले, "हं, मनोऱ्याचं इंग्रजीत वर्णन करा."

धाकटीचं ततपप झालं. सगळे शब्द पायऱ्यांना बांधलेले, आणि पायाखाली पायरी नाही! ती म्हणाली, "साहेब, बाहेरच्या जिन्यावरून सांगू का? चढता चढता सगळं येतं मला."

साहेब हसले. थोरला त्यांच्याहून मोठ्याने हसला. "बघा साहेब, हिला पायाने इंग्रजी येतं!"

मग त्याने सुरुवात केली. 'मॅग्निफिसंट', 'ब्रेथटेकिंग', 'वर्ल्ड-फेमस'! भव्य, श्वास रोखणारं, जगप्रसिद्ध. हे शब्द त्याने कुठल्याशा पुस्तकातून घोकले होते. ते मनोऱ्याला चालतात, धबधब्याला चालतात, आणि कचेरीमागच्या नव्या शौचालयालाही चालतील. साहेब मात्र खूश. परवाना थोरल्याला मिळाला. धाकटीच्या वाट्याला पाण्याच्या बाटल्या आणि माझे सेल बदलायचं काम आलं.

मी त्या माणसाचा द्वेष करतो, मित्रांनो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या लाल बटणावर चिकटपट्टी मारली. म्हणाला, "बुटकं, काळं, टणक! लाज आणतं हे म्हाताऱ्याचं गावठी इंग्रजी." धाकटी समोरच उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला दादा म्हणणं सोडलं.

सहा आठवड्यांनी साहेब स्वतः पाहुणे घेऊन मनोरा बघायला आले. थोरला पुढे, साहेब त्याच्या पाठोपाठ पाहुण्यांशी बोलत, मी थोरल्याच्या हातात. विसाव्या पायरीवर 'मॅग्निफिसंट'. चाळिसाव्या पायरीवर 'मॅग्निफिसंट'. त्रेसष्टाव्या पायरीवर मी ओरडायला तडफडत होतो, पण बटणावर चिकटपट्टी. थोरला 'वर्ल्ड-फेमस' म्हणता म्हणता सवयीने स्वतः वाकला आणि पलीकडे गेला. मागून खाडकन आवाज आला. साहेबांचं कपाळ आणि आबांची तुळई यांची भेट झाली होती.

पाच टाके पडले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत चौकशी. साहेबांच्या डोक्याला पांढरी पट्टी, टेबलावर मी. थोरल्याने सगळं खापर माझ्यावर आणि धाकटीवर फोडलं. "साहेब, मी घसा फोडून सांगितलं हो तुळईचं! पण भोंगा ऐन वेळी बंद पडला. सेल बघायचं काम हिचं. हिने जळून मुद्दाम मेलेले सेल घातले. हिला मनोऱ्यावर पाऊल ठेवू देऊ नका."

बघा! चांगला धडधाकट मी, आणि मला मेलेला ठरवतो!

साहेब धाकटीकडे वळले. "खरं आहे हे? असेल तर उद्यापासून यायचं नाही."

धाकटीने मला घट्ट पकडून उचललं. भीतीने नव्हे, रागाने. मी त्या हातांत सहा वर्षं राहिलेलो आहे, मला कळतं. सेल काढले नाहीत, घातले नाहीत. फक्त नखाने ती चिकटपट्टी सोलून काढली आणि लाल बटण दाबलं.

त्या बंद खोलीत आबा गरजले. 'दॅट लो, ब्लॅक, हार्ड वुडन बीम!'

खिडकीची काच थरथरली. आणि थोरल्याची मान खटकन छातीवर गेली.

धाकटी वाकली नाही. जन्मात पहिल्यांदा ती ताठ उभी राहिली आणि भावाकडे बघत राहिली. साहेब खुर्चीतून उठले. छत चांगलं दहा फूट उंच होतं.

"तुम्ही का वाकलात?" साहेबांनी विचारलं.

थोरला वाकूनच राहिला. वर बघायची त्याला सोय उरली नव्हती.

"भोंगा बंद आहे म्हणालात. हा तर ऐकू येतो," साहेब म्हणाले. "आणि वाक्यही तुम्हाला येतं. मग काल का नाही म्हणालात?"

"ते... ते शोभत नाही साहेब," थोरला पुटपुटला. "साधं आहे फार."

साहेबांनी कपाळावरच्या पट्टीला हात लावला आणि परवाना परत मागून घेतला. धाकटीला म्हणाले, "तुमची परीक्षा पुन्हा घेऊ." माफी मात्र मागितली नाही. असल्या माणसांना ती येत नाही.

"घ्या," धाकटी म्हणाली. "पण जिन्यावर. मी पुढे, तुम्ही मागे. आणि मी सांगेन तिथे मान खाली घालायची."

आता मी तिच्या हातात आहे. थोरला बाटल्या वाहतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मला त्याचं रतीभर दुःख नाही.

मित्रांनो, मला पुसत जा, माझे सेल वेळेवर बदलत जा, आणि माझ्यात शिंकू नका, एवढं मागायचा माझा हक्क आहे. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. कुणाला काही दाखवत असाल, तर आधी स्वतः नीट बघा. जे बुटकं आहे त्याला बुटकं म्हणा, टणक आहे त्याला टणक म्हणा. तुमच्या मागून माणसं चढत असतात.