चांदीचे सत्तर ग्रॅम

दोन कोरडे तळवे एकमेकांवर घासल्याचा आवाज आधी येतो, आणि त्या आवाजामागून वनमाला सिस्टर येतात. पौषातल्या सकाळी पिंपळाची वाळकी पानं वाऱ्यानं फरशीवरून सरकत जावीत तसा तो आवाज, खरखरीत, संथ, आणि ऐकणाऱ्याला घाई असेल तर असह्य. कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, हवेत धरून वाळवायचे, मग तळवे घासायचे, घासून स्वतःच्याच गालाला लावायचे, आणि ऊब पुरेशी नाही असं गालानं सांगितलं की पुन्हा घासायचे. पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप तोवर भिंतीवरून उतरून जमिनीवर पोचलेली असे. मग कुठे त्या बाळाला स्पर्श करीत. मी दारात टॅबलेट घेऊन उभी. पुढची चार घरं बाकी. बाळ शांत, बाळाची आई शांत, सिस्टर शांत. तगमग काय ती माझी एकटीची.

आमचं काम सांगायला सोपं होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, मुठीएवढ्या छातीची बाळं दवाखान्यातून घरी जात. घरी गेल्यावरही आईनं त्यांना दिवसाचे कितीतरी तास उघड्या अंगानं उराशी धरून ठेवलं, आणि ते करून घ्यायला कुणी घरी येत राहिलं, तर त्या बाळांची वाढ अधिक चांगली होते का, एवढाच आमच्या अभ्यासाचा प्रश्न. काही घरांत हे शिकवणं, काही घरांत दवाखान्याचा नेहमीचा सल्ला, आणि दोन्हीकडे ठरल्या दिवशी जाऊन वजन. सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन या कामावर आल्या होत्या. त्यांनी बाळ तपासायचं आणि मी काट्यावरचा आकडा भरायचा, अशी वाटणी. बाळांची संख्या वाढली की दोघी मिळून घरं पुरी होईनात, म्हणून पुष्कळदा मी एकटीच वजनं करून येई. त्याचं मला कोण भूषण!

भूषण असायला कारण होतं. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. खराडीच्या ज्या रानात आईनं ज्वारी खुरपली, तिथे आता काचेच्या इमारतींवर संध्याकाळ दोनदा मावळते, एकदा आकाशात आणि एकदा काचेत. संख्याशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले, आणि आई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगते, "माझी पोर दवाखान्याच्या शोधकामात हाय." अशा मला, ऐन उमेदीत, या बाईंच्या मागे एक किलोचं लोखंडी वजन वाहत हिंडावं लागे. होय, वजन. किराणा दुकानात असतं तसलं, पण तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. प्रत्येक घरी काटा मांडला की आधी ते त्यावर ठेवायचं. बरोबर हजार दाखवले तरच बाळ. नव्वद टक्के घरी हजारच दाखवी, आणि उरलेल्या दहा टक्के घरी फरशी वाकडी असे. मी हे सिस्टरांना एकदा समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपण फरशी ओळखायला शिका."

त्या मला 'आपण' म्हणत. तो आदर नव्हता, ती पुणेरी चापट होती.

आज आठवते ती त्यांची वाकलेली, काटकुळी आकृती. स्टार्चची पांढरी साडी, जिच्यावर चैत्रातल्या धुळीचा कण टिकत नसे आणि आषाढातला चिखलही जणू रस्ता ओलांडून जाई. आणि बाळाच्या पोटावर टेकलेली ती दोन बोटं, वीणेची तार जुळवणाऱ्याची असावीत तशी, ऐकणारी. श्वास मोजताना त्यांचे ओठ हलत. त्या वेळी खोलीतला पंखा, शेजारचा टीव्ही, गल्लीतला भंगारवाला, सगळे आवाज दूरच्या तीरावर जाऊन उभे राहत. पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची सोय त्यांना मान्य नव्हती, कारण दुसरं अर्धं मिनिट पहिल्यासारखंच जाईल अशी हमी, त्यांच्या मते, देवानंही कुणाला दिलेली नाही. कसबा पेठेतल्या एका तिखट आजेसासूबाईंनी विचारलं होतं, आमचं बाळ काय रद्दी आहे, काट्यावर टाकायला? सिस्टर तळवे घाशीत म्हणाल्या, "रद्दीला मी हात गरम करत नाही." आजेसासूबाईंनी मुकाट्यानं दुपटं सोडलं.

आता माझी चूक सांगते.

बारशाला बाळाच्या अंगावर चांदी चढते. पायांत वाळे, हातांत काळे मणी ओवलेल्या मनगट्या, कमरेला करगोटा. मामाकडून, आत्याकडून, ज्याला जसं जमेल तसं. एकदा चढलेली चांदी उतरवणं घरातल्या थोरल्या बायकांना रुचत नाही, त्यातून हे बाळ आधीच नाजूक. आणि वजन करणं म्हणजे तर नजरेला आवतणच. मी याच बायकांत वाढलेली. त्यांचा चेहरा कुठल्या शब्दानं पडतो हे मला पुस्तकात शोधावं लागत नाही. म्हणून मी एकटी जाई तेव्हा कपडे काढायला सांगे आणि दागिने राहू देई. एवढ्याशा वाळ्यांनी काय होतंय? सूचनापत्रात 'बाळ विवस्त्र असावे' एवढंच होतं. वाळे म्हणजे वस्त्र नव्हे, असं माझ्यातल्या पदवीधरानं परस्पर ठरवून टाकलं.

फाल्गुनातली दुपार होती. येरवड्यात प्रतिभाच्या खोलीवर आम्ही दोघी गेलो. ती वाशिमकडची, नवरा कारखान्यात, सासू बाळंतपणासाठी गावाहून आलेली. मुलगी अवघ्या साडेसात महिन्यांची जन्मलेली. बारसं होऊन चार दिवस झाले होते, तरी आमच्या नोंदीत ती अजून 'प्रतिभाचे बाळ'च होती. मी काटा मांडला, लोखंडी वजनानं हजार दाखवले, एकटीच्या सवयीनं मी बाळ दागिन्यांसकट ठेवलं आणि आकडा वाचला. मागच्या भेटीपेक्षा चाळीस ग्रॅम जास्त. सासूबाईंचा चेहरा उजळला. मी आकडा भरायला बोट उचललं आणि सिस्टर म्हणाल्या, "वाळे काढा."

मग जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. सासूबाई म्हणत होत्या की आत्यानं घातलेले आहेत, सव्वा महिना उतरवायचे नाहीत. सिस्टर म्हणत होत्या की आत्याला माझ्याकडे पाठवा. मी घड्याळ बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला सिस्टरांचा इतका वीट आला होता की काटा तिथेच टाकून निघून जावंसं वाटलं. शेवटी सिस्टरांनी सासूबाईंचीच ओंजळ पुढे करायला लावली आणि एकेक दागिना काढून तिच्यात ठेवला, वाळे, मनगट्या, करगोटा, जणू परत देण्याची शपथच त्या ओंजळीत घातली. बाळ पुन्हा काट्यावर गेलं.

मागच्या भेटीपेक्षा तीस ग्रॅम कमी.

सत्तर ग्रॅम चांदी सासूबाईंच्या हातात चमकत होती, आणि काट्यावर एक जीव, निःशब्द, उतरत चाललेला होता. सिस्टरांची दोन बोटं पोटावर टेकली. मिनिट पुरं झाल्यावर त्यांनी दुपटं गुंडाळलं आणि प्रतिभाला पिशवी भरायला सांगितलं. रिक्षात त्यांनी बाळ आईच्या पदराआड, उघड्या छातीवर बांधलं. जंतुसंसर्ग नुकता धरत होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

मला मात्र दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसल्यावर दुसरंच काही दिसायला लागलं. तीन महिन्यांत मी एकटीनं केलेली वजनं. ज्या घरांत आया बाळाला छातीशी धरायला शिकल्या होत्या, तिथे चांदी बाळाला रुतते म्हणून त्यांनी ती आपणहून काढून ठेवली होती. ज्या घरांत नेहमीचा सल्ला होता, तिथली बाळं, प्रतिभाच्या मुलीसारखीच, नटून काट्यावर आली होती. म्हणजे माझ्या आकड्यांत आईच्या छातीचा गुण मुळी दिसणारच नव्हता. चांदीच जिंकणार होती. माझ्या एका भिडेपायी.

मी सिस्टरांना म्हणाले, साधारण सगळ्यांचे दागिने सारखेच असतात, त्या सगळ्या वजनांतून सत्तर सत्तर वजा करून टाकू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फाल्गुनाचं ऊन त्यांच्या चष्म्याच्या काचेवर पांढरं होऊन थांबलं होतं.

"म्हणजे आपण बाळ न बघताच त्याचं वजन करणार?"

मी विचारलं, तुम्ही मॅडमना सांगणार का? अभ्यासाच्या प्रमुख मॅडम चुकीला हसत नसत. नोकरी जाण्याची भीती होतीच. पण 'शिकली नि काय दिवे लावले' असं आमच्या गल्लीत कुणी आईला म्हणेल, ही भीती त्याहून मोठी.

"मी कशाला सांगू? आकडे आपले आहेत."

एवढं बोलून त्या उठल्या आणि लोखंडी वजन घेऊन बसथांब्याकडे चालू लागल्या. धीराचा एक शब्द नाही, पाठीवर हात नाही. जगातल्या प्रत्येक बाळासाठी गरम होणारे ते तळवे, माझ्या वाट्याला पाठमोरेच.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. मॅडमनी सर्वांदेखत जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. बारशानंतरची माझी सगळी वजनं बाद झाली. नोकरी राहिली. आमच्या कागदावर मात्र एक नवा रकाना आला: 'अंगावरील दागिने काढले: होय / नाही'. त्यानंतर दुपारमागून दुपार मी बायकांच्या ओंजळी पुढे करायला लावून वाळे उतरवत राहिले, शिव्या खात राहिले, आणि वैतागानं तळवे घाशीत राहिले. हे शेवटचं माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

सिस्टर गेल्या त्याही अशाच, संताप येईल अशा तऱ्हेनं. एका मार्गशीर्षातल्या सकाळी त्यांनी काट्यावर वाकून मला विचारलं, शेवटून दुसरा आकडा तीन आहे की आठ? मी म्हणाले, आठ. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा. डोळ्यांचा इलाज होता, मी वाचून दाखवायला होते, मॅडमनी थांबायला सांगितलं होतं. पण जो आकडा स्वतःला दिसत नाही तो त्यांना चालत नव्हता. लोखंडी वजन माझ्या टेबलावर ठेवून त्या वाईला भावाकडे निघून गेल्या. निरोपसमारंभाचा केक आम्हीच खाल्ला. फोन केला तर दोन वाक्यं बोलतात. पहिलं, काटा शून्यावर असतो ना? दुसरं, ठेवते.

प्रतिभाची मुलगी आता बालवाडीत जाते. रस्त्यात दिसली की मला ओळखत नाही. तिनं का ओळखावं? नव्यानं कामावर आलेल्या मुली विचारतात, हा दागिन्यांचा रकाना कुणी घातला, किती वेळ खातो. मी सांगायला लागते आणि माझं मलाच उमगतं की सांगण्यासारखी गोष्ट हाती फारशी नाही. आहे तो एक कोरडा आवाज, काचेवर थांबलेलं ऊन, आणि एक पाठ. वाळे उतरवल्यावर बाळाच्या घोट्यावर गोल, फिकट वळ राहतो, आणि ते काट्यावर असतं तोवर मी त्या वळाकडे बघत राहते. काळानं आपल्या अंगावरून उतरवून ठेवलेल्या माणसांचाही असाच वळ मागे राहत असावा. त्याचं वजन कुठल्याच काट्यावर येत नाही, आणि तरी त्याच्यावाचून माझा कुठलाही आकडा मला खरा वाटत नाही.