जिवंत माणसांचे साचे

ओढ्याकाठच्या सफाईची कल्पना तिची होती, आणि ज्याच्या डोक्यातून कल्पना निघते त्याच्याच डोक्यावर ती येऊन बसते, हा कुठल्याही ऑफिसचा नियम. त्यामुळे हातमोजे, पोती, पिण्याचं पाणी, कचरागाडीवाल्यांच्या विनवण्या, सगळं तिच्याकडे आलं. ती नाही म्हणाली नाही. वडील गेल्यापासून सुट्टीचा दिवस तिला खायला उठायचा. इतर दिवस बरे जात. विमा कंपनीच्या त्या शाखेत तिच्या टेबलावर लोकांची नुकसानं येऊन पडत, आणि कुठलं नुकसान कुणाच्या चुकीनं झालं हे ठरवता ठरवता संध्याकाळ होई.

त्या सकाळी ऑफिसमागच्या उतारावर बरीच मंडळी जमली. साहेब टोपी घालून आले, "आज मी साहेब नाही, मला कुणीही काम सांगा," म्हणाले, आणि लगेच प्रत्येकाला काम सांगू लागले. हिशेबाच्या ताईंनी साडीचा पदर खोचला आणि बाटल्यांचा पहिला ढीग एकटीनं उपसला. रेडिओ नेहमीप्रमाणे चालू होता. रेडिओ म्हणजे त्यांच्यातला सर्वेक्षक. त्याला बंद करायचं बटण कंपनीनं बसवलेलंच नाही, असं ताई म्हणत.

"अरे, इकडे या! इथं कुणीतरी दात काढतंय!" झुडपांमागून तो ओरडला.

सगळे धावले. पुठ्ठ्याची खोकी पावसानं भिजून फुटली होती आणि त्यांतून प्लॅस्टरचे पांढरे जबडे उतारभर घरंगळले होते. वरचे, खालचे, काही पूर्ण बोळके, काहींत एखादाच दात शिल्लक. चिखलात अर्धे रुतलेले, गवतात उताणे पडलेले.

जवळ जायच्या आधीच तिला कळलं. प्रत्येक साच्याच्या बैठकीची मागची कड तिरकी घासलेली होती. तशी कड बाबाच घासत, फळीवरून उचलताना बोट सहज खाली जावं म्हणून.

बाबा कवळ्या करत. दातांचे डॉक्टर माप पाठवत, बाबा त्यावरून साचा ओतत आणि साच्यावर कवळी घडवत. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, दात करून भरतं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ऑफिसात मात्र तिनं कधी हे सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर "बाबा डेंटल लाइनमध्ये आहेत" म्हणायची. ऐकणारा त्यांना डॉक्टर समजे आणि ती समजू देई.

कवळी गेली की बाकीचे कारागीर साचा फोडून टाकतात. बाबा ठेवत. म्हाताऱ्या माणसाची कवळी कधीतरी फुटते, मग त्यानं पुन्हा तोंडात मापाचा तो मसाला भरून ओकाऱ्या काढत बसायचं? साचा असला की घरबसल्या नवी मिळते. म्हणून माणूस आहे तोवर साचा टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. कुणी गेल्याचं कळलं की त्या माणसाचा साचा फळीवरून उतरवून ते स्वतःच्या हातानं फोडत आणि त्या दिवशी पुढचं काम करत नसत.

इस्पितळात त्यांनी तिला जवळ बोलावून एवढंच सांगितलं होतं. "जिवंत माणसांचे साचे पेठेतल्या त्या दुसऱ्या कारागिराकडे पोचव. त्याच्याशी बोललोय मी." ती म्हणाली होती, "हो बाबा, पडा आता तुम्ही."

बाबा गेल्यावर घरमालकाला त्यांची कामाची खोली हवी होती. परगावचा दादा फोनवरून रोज घाई करत होता. तिनं टेम्पोवाला बोलावला. खोकी चढवून झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, हे कुठं नेऊन टाकू?" आणि ती म्हणाली, "कुठंही टाका. मला नका सांगू."

"ऐका, ऐका!" रेडिओनं एक वरचा आणि एक खालचा जबडा हातात धरून साहेबांच्या आवाजात बडबडायला सुरुवात केली होती. "कागद अपुरे आहेत! दावा नामंजूर!"

हशा पिकला. साहेबही हसले. आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. तिचं तोंड आपोआप उघडलं, आवाजही निघाला. बाबांच्या हातच्या त्या जबड्यांपुढे उभी राहून ती हसली.

"वर रस्त्याला दातांचा दवाखाना आहे ना?" ताईंनी विचारलं. "त्यांचेच उद्योग हे. फी घ्यायची मोजून आणि घाण ओढ्यात."

"फोटो काढलेत," रेडिओ म्हणाला. "दवाखान्याच्या पाटीसकट टाकतो सगळीकडे. होऊ दे डॉक्टरचं नाव!"

"आधी हातातलं काम उरकू या," ती कशीबशी म्हणाली.

"असं काय करतेस?" ताई म्हणाल्या. "नुकसान कुणी केलं हे रोज तूच ठरवतेस ना? चल की दवाखान्यावर, तूच पुढं हो."

ती पुढं नाही, सगळ्यांच्या मागं चालली. वाटेत बोलायला दोनदा तोंड उघडलं, पण दातखीळ बसल्यासारखी झाली होती.

दवाखाना बंद होता. डॉक्टरीण वरच्या मजल्यावर राहायची. ती ओल्या केसांना पंचा गुंडाळून खाली आली. तरुण होती. दारात एवढा जमाव पाहून गोंधळली.

साहेबांनी साचा पुढं केला. "हे ओळखता?"

"हा साचा आहे. पण माझा नाही. मी साचे ठेवत नाही."

"सगळे असंच म्हणतात," रेडिओ म्हणाला.

डॉक्टरणीनं साचा हातात घेतला, उलटा केला, मागच्या कडेवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पडला. "हे काकांचं काम आहे. माझी कवळ्यांची कामं तेच करायचे. अशी कड दुसरं कुणी घासत नाही. पण ते तर मध्यंतरी वारले."

"म्हणजे म्हातारा जाता जाता घाण करून गेला म्हणायचा," रेडिओ म्हणाला.

"जन्मभर ओढ्यातच टाकत असणार," ताईंनी जोड दिली. "आपल्याला आज दिसलं."

डॉक्टरीण त्यावर काहीतरी बोलणार होती.

"त्यांनी नाही टाकले," ती मागून म्हणाली. "मी टाकले."

सगळे वळले.

"ते माझे वडील. त्यांनी पोचवायला सांगितले होते. मी टेम्पोत भरून दिले आणि कुठं टाकणार ते विचारलंसुद्धा नाही."

रेडिओनं हातातला जबडा हळूच खिशात घातला, मग ते बरं दिसत नाही असं वाटून पुन्हा बाहेर काढला. ताई तिच्याजवळ आल्या.

"अगं, आधी सांगायचंस ना. आम्ही आपलं काहीबाही बोलत सुटलो."

"अशा दिवसांत माणसाचं लक्ष कुठं असतं?" साहेब म्हणाले. ऑफिसात इतक्या मऊ आवाजात ते कधी बोलले नव्हते. "होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

"माझं लक्ष होतं, साहेब," ती म्हणाली.

साहेब घुटमळले, मग "चला, चला" म्हणत मंडळींना खाली घेऊन गेले. कुणीतरी पाठीवर थोपटलं. त्यापेक्षा ताईंनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"यांतले काही उपयोगी पडतील का?" तिनं डॉक्टरणीला विचारलं.

डॉक्टरणीनं साच्यावर नख ओढलं. नखाखाली पांढरा लगदा आला. "पाणी लागलंय. यावरून केलेली कवळी तोंडात बसायची नाही." ती जरा थांबली. "माझ्या एक आजी आहेत. त्यांची कवळी फुटलीय. मापाला बसवलं की त्यांना धाप लागते, म्हणून मीच सांगून ठेवलंय, काकांच्या घरी साचा असेल, निरोप येईल. त्या वाट बघताहेत. आता मी काय सांगू त्यांना?"

"त्या राहतात कुठं?"

"याच गल्लीत, शेवटचं घर. मी फोन करते उद्या. तुम्ही नका..."

"मी जाते."

तिनं हातमोजे काढले. आतही बोटांच्या पेरांत चिखल गेला होता तो तसाच राहिला. गल्लीच्या टोकाला बुटकं घर होतं, बाहेर धुतलेली पायपुसणी वाळत होती. तिनं कडी वाजवली. बराच वेळ आत पावलं घासल्याचा आवाज येत राहिला.

आजींनी दार उघडलं आणि लगेच तळहात तोंडावर धरला. बाहेरच्या माणसापुढे त्या तशाच उभ्या राहत असणार. हाताआडून आवाज आला, "कोण ग तू?"

"मी कवळीवाल्या काकांची मुलगी."

आजींचे डोळे हसले. "अगं बाई! डॉक्टरीण म्हणाली होती, निरोप येईल म्हणून. फार चांगला माणूस ग. गेले ते कळलं, पण मला काही येववलं नाही. शेजारी जेवायला बोलावतात, तिथंही जात नाही बघ मी. असं कालवलेलं गिळायचं चार माणसांत? साचा आणलास?"

"नाही आजी. तो खराब झाला. मी टाकून दिला."

"टाकलास?"

"हो. बाबांनी ठेवायला सांगितला होता."

आजींचा हात तोंडावरून हळूहळू खाली आला. गाल आत गेलेले होते. आता त्या दार लावतील असं तिला वाटलं. त्यांनी दार लावलं नाही, आणि आत ये असंही म्हटलं नाही.

"माझा एकटीचाच?" त्यांनी विचारलं. "का सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे," ती म्हणाली.