एकतीस पात्यांचं कपाट

दसरू वाढ्याच्या, म्हणजे सुताराच्या, घरी गलत्याच्या रंध्याची एकतीस पाती होती. चौकटीला, देव्हाऱ्याला, पाळण्याच्या कडेला जी गोलाई नि नक्षी येते, ती काढणारी. प्रत्येकाची धार वेगळ्या वळणाची. काही दसरूच्या बापानं घडवून घेतलेली, काही नागभीडच्या रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्यानं गाव सोडताना दिलेली. दोन वर्षांमागं गाडीवरून ओंडका उतरवताना तो दसरूच्या उजव्या हातावर आला. बोटं पुन्हा वळली नाहीत. पाती एका पोत्यात गेली.

त्या पात्यांना धार लावायची ती दसरूची बायको, गुणाबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून. नवरा बाहेरगावी अडकला की अर्धं राहिलेलं कामही ती पुरं करून ठेवायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर कोणी बोलत नसे.

धानकापणी संपली त्या आठवड्यात तिचा दीर नानाजी मागून नेलेलं एक पातं परत द्यायला आला. अर्धचंद्राच्या धारेला मधोमध गव्हाएवढी खाप पडली होती.

"भाऊजी, हे काय केलं?"

"काई नाई वो वयनी. खिळा निंगत नव्हता, जरासं उचकलं."

"पात्यानं खिळा उचकला?"

"मंग काय झालं? पोत्यातच तं पडून होतं!" नानाजी हसला आणि तंबाखू चोळत निघून गेला.

गुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पोतं अंगणात उलटं केलं. एकमेकांवर घासून धारा बोथटल्या होत्या, चार-पाच पात्यांवर गंजाचा तांबारा चढला होता. दिराचा राग होताच. पण तो बोलला ते खरं होतं, त्याचा राग जास्त होता.

"मी यायले कपाट करतो," ती दसरूला म्हणाली.

"तू?"

"नाई तं कोन? तुमी बसा खाटेवर."

माळ्यावर शिवणीच्या लाकडाच्या फळ्या वाळून पडल्या होत्या. त्या तिनं मागच्या पडवीत, सपरीत उतरवल्या. ती वाकसानं फळी तासत होती तेव्हा शेजारची सुगंधाबाई कुडावरून डोकावली. "बाईमानसानं वाकस धरला तं घरात बरकत नाई राहात, गुणा."

"धनी धरत होता तवा कोन्ती बरकत सांडून वाहून राह्यली होती?" गुणाबाईनं वर न बघताच विचारलं. सुगंधाबाईचं डोकं खाली गेलं.

अकरा दिवस लागले. आत सरकत्या चार फळ्या, फळीत खाचा, आणि खाच ज्या त्या पात्याच्या रुंदीची, म्हणजे पातं उभं राहावं आणि धार कशालाच लागू नये. पहिल्या फळीच्या खाचा सैल झाल्या, पाती डुलायला लागली. ती फळी तिनं चुलीत घातली आणि दुसरी केली. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक खाचेखाली, ते पातं लाकडात जी वळणं काढतं, ती तिनं कोरली. पात्यांवर मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल फिरवलं आणि एकेक जागेवर बसवलं. खाप पडलेलंही घासून घासून धार सारखी करून ठेवलं.

कपाट झालं त्याची गावात बातमी झाली. सिंदेवाहीकडे नवा दवाखाना होत होता. तिथला कंपाउंडर औषधांच्या बाटल्यांसाठी असंच कपाट शोधत होता. नानाजीच त्याला घेऊन आला.

कंपाउंडरनं फळ्या बाहेर ओढल्या, आत सारल्या. एकही अडली नाही. "वा मिस्त्री! काय सफाई आहे!"

"दादाचा हात आहे साहेब," नानाजी म्हणाला. "हात बसला वाटते परत, दादा?"

दसरू खाटेवर होता. त्यानं 'नाई' म्हटलं नाही. दुखरा हात धोतराखाली घेतला आणि लाजल्यासारखा हसला.

दाराआड उभ्या गुणाबाईनं ते हसू पाहिलं. दिरानं पातं खराब केलं तेव्हा तिचं पित्त खवळलं होतं. हे त्याहून वाईट होतं. अकरा दिवस हा माणूस तिची करवत ऐकत पडला होता!

ती बाहेर आली. लाकडी पट्टी आणि पेन्सिल तिनं दसरूच्या मांडीवर टाकली.

"घ्या. साहेबायच्या बाटल्यायचं माप लिवून घ्या."

दसरूनं पेन्सिलीकडे पाहिलं. पेन्सिल घरंगळून खाली पडली, ती त्यानं उचललीही नाही.

"साहेब," शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "हे हिनं केलं. मी फळीले हात नाई लावला."

नानाजी हसायला लागला. एकटाच हसतोय हे कळल्यावर थांबला.

कंपाउंडर चपापला होता. "काम बाईंनी करावं, आमची हरकत नाही. पण कागदावर दसरू मिस्त्रीच लिहू. बाईचं नाव लिहिलं तर वरचे लोक हसतील."

"तं मंग कपाटबी दसरूनंच करावं," गुणाबाई म्हणाली. "माह्या हाताले नाव नाई, तं कामही नाई."

कंपाउंडरनं दसरूकडे पाहिलं, जणू बायकोला समजवायचं काम त्याचं होतं. दसरूचे कान लाल झाले होते.

"लिवा गुणाबाई," तो म्हणाला. "नाई तं दुसरा वाढई पाहा."

कंपाउंडरनं बाटल्या आणि ती सफाई दोन्हींचा विचार केला असावा. त्यानं नाव लिहिलं. नानाजी चहाला थांबला नाही.

तीन दिवस गुणाबाई नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि निघून जायची. चौथ्या सकाळी ती सपरीत दवाखान्याच्या कपाटाची फळी कापायला बसली, तर तो येऊन उभा राहिला.

"मी काय करू?"

"फळी धरा. डाव्या हातानं." करवत चालू झाली. जरा वेळानं ती थांबली. "आन् हलू नका. रेघ चुकली तं मी तुमाले सोडनार नाई."

दसरू फळीवर गुडघा रोवून बसला. तिचा राग गेला नव्हता. रेघ मात्र सरळ येत होती.