मनकर्णाबाईंचा बोर्ड आणि योगिनीचा सर्व्हर

बुलढाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी कॉल जोडायच्या बोर्डावर बसत असे. दिवाळीच्या तोंडावर तिथे जो गोंधळ उडायचा, तोच परवा माझ्या चिखलीच्या घरात एका लॅपटॉपवर उडाला.

माझी नात योगिनी पुण्याच्या कंपनीचा सर्व्हर घरूनच सांभाळते. जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला, नर्सिंगच्या प्रवेशाचा. जागा निवडायची मुदत संध्याकाळी पाचला संपणार होती आणि सगळ्या मुली एकदमच त्यावर आल्या. शेजारची अश्विनी आमच्याच ओट्यावर मोबाइल घेऊन बसली होती. त्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

"योगिनीताई, माही अकोल्याची सीट गेली तं मी तुह्याच घरी राह्यले येईन."

"ये. भांडे घासणं तुह्याकडे."

फोनवर तिचे साहेब, हर्षल, म्हणाले, "थ्रेड वाढव." थ्रेड म्हणजे आत बसून एकेकाचं काम करणारे हात. तिने वाढवले. थोड्याच वेळात सगळं ठप्प!

"काऊन गं?" मी विचारलं.

"हात वाढले आजी, पण डेटाबेसकडे जाणाऱ्या लाइनी तेवढ्याच. सगळे अडकून उभे. मेमरी भरली, अन् आता जावा काम सोडून मेमरीतला कचरा काढाले झाडूच मारून राह्यला."

मला आमच्या सुपरवायझर मनकर्णाबाई आठवल्या. अकोल्याला लाइनी दोनच. बोर्डावर जास्त मुली बसल्या की जास्त कॉल अर्धवट लटकायचे. बाई सरळ दोघींना उठवत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "थांबा, तुमचा नंबर लावलाय." शिव्या खात, पण कॉल लागत.

योगिनीला हे सांगावंसं वाटलं, पण त्या यंत्रातलं मला काय कळतं?

तेवढ्यात योगिनी म्हणाली, "सर, मी थ्रेड कमी करते."

"वेडी आहेस का? लोक बाहेर राहतील!"

"राहू द्या. त्यांना 'थांबा' दिसेल. आत आलेल्याचं तरी काम होईल."

"बंद पडलं तर जबाबदारी तुझी."

"हो, माझी."

मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. तिने थ्रेडचा आकडा कमी केला, सर्व्हर पुन्हा चालू केला. अश्विनीच्या मोबाइलवर 'कृपया थांबा' आलं. तिचं तोंड एवढंसं झालं. पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता.

आणि मग ओट्यावरून आरोळी आली, "झालं! अकोला भेटलं मले!"

हेच शब्द ऐकायला एके काळी लोक आमच्या खिडकीशी ताटकळत बसायचे. माझे डोळे भरून आले.

योगिनीने मान वर केली नाही. बाहेर अजून पोरी थांबल्या होत्या.